बैठकीतलं उत्तर

मुर्रीच्या आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी व्हायची. एक गोंदियाच्या बाजूनं येणारा राईस मिलचा भोंगा आणि दुसरा कमलच्या सुपाचा. कमल माझी मोठी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी थोरली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणायचे. ओसरीवर उकिडवी बसून ती तांदूळ पाखडायची आणि पाखडता पाखडता बोलत राहायची. कोंबड्यांशी, मायशी, माझ्याशी, आणि कुणीच नसेल तर सुपाशी. त्या बोलण्याला विषय नसायचा. कुणाची म्हैस कुणाच्या धानाच्या बांधीत शिरली, लाखोळीची डाळ आज पातळ करू की घट्ट, शेजारणीच्या लुगड्याचा रंग कसा उतरला. बाबूजी धानशेती करायचे आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलायचे. माय कामात बुडालेली, मी पुस्तकात. त्यामुळे आमच्या घराला जो काही आवाज होता तो बाईचा होता. तो असेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नाही.

भिंतीच्या पलीकडे मोठेबाबा राहायचे, म्हणजे बाबूजींचे थोरले भाऊ. आमच्या जातीच्या मंडळात त्यांचा शब्द चालायचा. कुणाची सोयरीक कुठे करायची, कुणाला पंगतीत बसवायचं, कुणाच्या दारात जायचं नाही, हे त्यांच्या ओसरीवर ठरायचं. ते नुसते खाकरले तरी अलीकडे आमचं बोलणं हळू व्हायचं. त्यांनी बाबूजींवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तशी गरज पडली नाही. त्यांच्यापुढे उभं राहायची वेळ आली की बाबूजी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरायचे. पन्नाशीला आलेला, नांगर धरून धरून तळव्याला घट्टे पडलेला माणूस, आणि उभा राहायचा शाळेतल्या पोरासारखा. ते हात मला अजून दिसतात. पुढे मी स्वतः एका उत्तरासाठी उभी राहिले तेव्हा माझेही हात आपोआप तसेच मागे गेले होते.

बाई गोंदियाला शिवणकाम शिकायला जायची. तिथले शिलाई मास्तर दयाराम नावाचे, तरुणच, आमच्या जातीबाहेरचे, घरी छत्तीसगढी बोलणारे आणि दुकानात हिंदी. मापाचे नमुने कापायला त्यांच्याकडे रद्दीचा ढीग असे. त्यातलं एक पुस्तक बाईनं एकदा माझ्यासाठी आणलं. हिंदीतली कादंबरी होती. मुखपृष्ठ गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, शेवटचीही गेलेली, आणि मधल्या एका पानातून कुणीतरी लहान मुलाच्या कॉलरचा आकार कापून घेतलेला. लेखक कोण, नाव काय, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या कादंबरीत एक शहर होतं. तिथं अधूनमधून चौकात एक कागद लागायचा आणि त्यावर ज्यांची नावं असतील ती माणसं कधी नव्हतीच, असं सगळ्यांनी धरायचं. शेजारी त्यांच्या घराचं दार विटांनी बुजवायचे, त्यावर चुना फासायचे. एक दूधवाला मात्र सवयीनं अशाच एका बुजवलेल्या दारापाशी दूध ठेवून यायचा आणि त्यावरून पकडला जायचा. पुढे त्याचं काय झालं हे हरवलेल्या पानांत होतं. मी रोज थोडं वाचायचे आणि बाई काजं करत बसली की तिला आपल्या बोलीत सांगायचे. ती दोरा दातानं तोडून विचारायची, "पोलीस नाईत का त्या गावात?" मी म्हणायचे, आहेत, पण त्यांना फारसं काम नाही, लोकच सगळं करतात. "मंग लोक ऐकतेत कायले?" मी म्हटलं, असंच असते पुस्तकात. ती हसली आणि पुन्हा काजाला लागली.

नंतर माझ्या लक्षात आलं की त्या दिवसांत तिचं मनाशी दुसरंच बोलणं चालू होतं. धानाची रोवणी आटोपल्यावर एका दुपारी ती शिवणाच्या क्लासला गेली आणि परत आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की तिनं दयाराम मास्तरांशी लग्न केलं आणि ते फुलचूरला खोली घेऊन राहतात. फुलचूर म्हणजे काही परदेश नव्हे. आमच्या घरापासून सायकलनं गोंदिया ओलांडलं की आलं. तेवढ्याच अंतरावर ती पुढची सगळी वर्षं राहिली.

मोठेबाबा आले, ओसरीवर बसले, मायनं दिलेला चहा प्यायले आणि बाबूजींना म्हणाले, "तुले एकच पोरगी हाय आता. समजला?" बाबूजींनी मान हलवली. झालं. रडारड नाही, शिव्या नाहीत. मला वाटलं होतं बाबूजी काही फोडतील, माय छाती बडवेल. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून घर कामाला लागलं. बाई भिंतीवरच्या मोठ्या फोटोत होती, आम्हा चौघांच्या. बाबूजींनी तो काचेतून काढला, कात्रीनं एक बाजू कापली आणि उरलेला भाग मधोमध बसवून पुन्हा टांगला. रेशनकार्डावरचं नाव कमी करून आणलं. तिची दोन लुगडी मायनं गोधडीत शिवली. तिच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी होती, पितळेची आणि स्टीलची, प्रत्येकावर मायनं हौसेनं 'कमल' कोरून घेतलेलं. ती भांडी माय भांडेवाल्याकडे घेऊन गेली आणि नाव घासून घेऊन आली. घासलेली जागा बाकीच्या भांड्यापेक्षा जास्त चकचकीत दिसायची. चार वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा त्याच चकचकीत जागेवर 'मंदा' कोरलं. त्यातलं एक पातेलं, आमच्याकडचा गंज, अजून माझ्याकडे आहे. मी त्यात भात करते. भात चांगला होतो.

मी पुढे पुष्कळ वाचलं. मास्तरीण होते, वाचनालयाची सभासद होते, आणि अशा अंधाऱ्या भविष्यकाळाच्या कादंबऱ्या दिसल्या की हातात घ्यायचे. एका प्रशिक्षणात नागपूरहून आलेल्या एका विद्वान बाईंनी या प्रकारच्या साहित्यावर व्याख्यान दिलं. हे लेखक आपल्याला सावध करतात, असं एखाद्या दिवशी होऊ शकतं म्हणून, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनात आलं, त्यांना मुर्रीला नेऊन आमची भिंत दाखवावी, कापलेल्या फोटोच्या मागची. तिथं कुणी हुकूम काढला नव्हता, गणवेश नव्हते, भिंतीला कान लावलेला शिपाई नव्हता. एक म्हातारा चहा पिऊन एक वाक्य बोलला आणि माझ्या आईनं आपल्या हातानं भांडी घासून आणली.

बाई गेल्यावर घर किती शांत झालं ते मला सांगता येत नाही. सूप माय पाखडायची, पण माय पाखडताना बोलायची नाही. मी कॉलेजात जाऊ लागले होते. सायकल घेऊन रोज गोंदियाला जायचे आणि रोज ठरवायचे की आज फुलचूरला जाईन. एकदाच गेले. एका खोलीत मशीन, पलंग आणि स्टोव्ह. बाईनं तांदळाच्या पिठाचे चिले केले, सोबत जवसाची चटणी. बोलत होती तशीच, अखंड. दयाराम भाऊजी दारात पाटावर बसून हसत होते. मी निघताना तिनं विचारलं, "माय आठवण काढते का मही?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मायनं तोवर एकदाही तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि पुढेही मरेपर्यंत घेतलं नाही.

त्या भेटीनंतर मी गोष्ट लिहिली. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीच्या सरांनी लेखन मागवलं होतं. मी एका गावातल्या एका घराची गोष्ट लिहिली. घरातली मोठी मुलगी निघून जाते आणि सगळे ठरवतात की ती नव्हतीच. धाकटी मात्र जेवायला बसताना पाण्याचा एक पेला जास्त भरते, आणि बाप रोज न बोलता तो पेला तुळशीत ओततो. गावाचं नाव मी घातलं नव्हतं. भोंगा मात्र घातला होता, लाखोळीची डाळ घातली होती, भिंतीपलीकडचं खाकरणं घातलं होतं. सर म्हणाले, कल्पनाशक्ती चांगली आहे. अंक छापून आला तेव्हा मी एक प्रत फुलचूरला पाठवली, एका मैत्रिणीच्या हातून. बाईला वाचता यायचं, पण अडखळत. मैत्रीण सांगत होती की भाऊजींनी मोठ्यानं वाचून दाखवली आणि बाईनं दोनदा ऐकली, मग अंक मशीनच्या खणात ठेवला.

मोठेबाबांकडे तो अंक कुणी पोचवला मला माहीत नाही. आमच्या जातीची आणखी मुलं त्या कॉलेजात होती. आठवड्याभरात बैठक बोलावली, आमच्याच ओसरीवर, भर दुपारी. सात-आठ माणसं सतरंजीवर बसली. बाबूजी खांबाला टेकून उभे होते. माय दाराच्या आत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता म्हणून मला माहीत. मला मधे उभं केलं.

आदल्या दिवशी बाबूजी मला बांधीवर घेऊन गेले होते. ते माझ्याशी एवढं कधीच बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं की मंडळानं आपल्याला बाहेर काढलं तर धान कापायला कुणी येणार नाही, मेलो तर खांदा द्यायला कुणी येणार नाही, तुझं कॉलेज बंद होईल आणि तुला कुणी पदरात घेणार नाही. रागानं नाही, विनवल्यासारखं सांगत होते. मग म्हणाले, "दोन शब्दाचं काम हाय, मंदे. तोंडानंच तं बोलाचं हाय." मी विचारलं, आणि बाई? ते वळून घराकडे चालू लागले.

बैठकीत मोठेबाबांनी अंक उघडून पुढ्यात ठेवला. गोष्टीवर त्यांनी बोट ठेवलं आणि हे घर कुणाचं ते विचारलं. मी म्हटलं, कुणाचंच नाही, मनानं लिहिलं. मग सतरंजीवरच्या दुसऱ्या एकानं विचारलं की मनानं लिहिलं तर बाहेर लोक नावं घेऊन का बोलतात. मोठेबाबा म्हणाले, लोकांचं जाऊ द्या, पोरीला सरळ विचारू. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"तुले बहीन हाय?"

मी बाबूजींकडे पाहिलं. ते आपल्या पायांकडे पाहत होते. दाराच्या आतला बांगड्यांचा आवाज थांबला होता. मी मनाशी असं म्हणत होते की हे खरं नाही, हे तोंडानंच बोलायचं आहे, आत जे आहे ते आतच राहील. त्या दूधवाल्यालाही असंच वाटलं असेल का, हेही डोक्यात येऊन गेलं. सतरा वर्षांच्या मुलीला एवढा विचार करायला वेळ होता, म्हणजे गोंधळून तोंडातून निघालं असं मला म्हणता येत नाही.

"नाई," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांग, बेटा. सगळ्याईले आयकू येऊ दे."

"मले बहीन नाई. मी एकटीच हावो."

मग चहा आला. माणसं पावसाबद्दल, धानाच्या किडीबद्दल बोलू लागली. एकानं जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पोरगी गुणी आहे म्हणाला. कॉलेजातही कुणी जाऊन बोलून आलं असावं, कारण पुढे वाचनालयात मी तो अंक काढून पाहिला तेव्हा माझी चार पानं ब्लेडनं सफाईदार कापलेली होती आणि अनुक्रमणिकेत माझ्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. सरांनी मला पुन्हा कधी लिहायला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मायनं पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी केली, मला आवडते म्हणून, कांदा-लसूण भाजून, झणझणीत. तांदळाची भाकर केली. मला वाढताना तिनं दोनदा तूप घातलं. बाबूजी समोर बसून जेवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता. मी पोटभर जेवले. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की बैठकीत बोलायला मला भाग पाडलं. ते खरंही आहे. पण ती भाजी मला कुणी बळजबरीनं खाऊ घातली नव्हती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

हे आज लिहिते आहे त्याला एक कारण घडलं. मोठेबाबांचा नातू पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं हौसेनं आमच्या कुळाची वंशावळ तयार केली, रंगीत, फांद्याबिंद्या काढून, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. बाबूजींच्या नावाखाली एकच फांदी आहे, माझी. त्यानं विचारलं, "आत्या, सगळं बरोबर आहे ना? तुमच्या पिढीतलं आता तुम्हीच सांगू शकता." पोरगा चांगला आहे, त्यानं काही लपवलेलं नाही, त्याला माहीतच नाही. मी फोन हातात घेतला. तोवर ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे येऊ लागले होते. मीही अंगठा टाकला. माझं वय आता सदुसष्ट आहे. मला आता पंगतीतून कोण उठवणार होतं?

तर बाईचं पुढं काय झालं. बैठकीतली गोष्ट फुलचूरला पोचायला एक दिवसही लागला नसेल. ती मला भेटायला आली नाही, निरोप पाठवला नाही. मी डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. बाबूजी गेले तेव्हा ती आली नाही, किंवा आली असेल तर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून गेली असेल. मी तिकडे पाहिलं नाही. बैठकीनंतर बारा-तेरा वर्षांनी बदली होऊन मी गोंदियालगतच्या एका शाळेत आले. जूनमध्ये प्रवेशाचं काम माझ्याकडे होतं. एक बाई मुलीला घेऊन टेबलापाशी आली. मी आधी मुलीकडे पाहिलं, आणि तिची हनुवटी थेट आमच्या मायची. मग वर पाहिलं.

बाई वाळली होती. केस पुढून पांढरे झाले होते, बोटाला अंगठी नव्हे तर सुई टोचू नये म्हणून घालतात ती शिवणाची टोपी होती, काढायची विसरली असावी. मी उठून उभी राहिले. मला वाटतं मी "बाई" म्हणालेही. तिनं मुलीचा जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चवथीत टाकाचं हाय, मॅडम." मॅडम हा शब्द तिनं टोचून उच्चारला नाही. अनोळखी माणसाला म्हणतात तसा साधा म्हटला. बाजूला दुसऱ्या शिक्षिका बसल्या होत्या. मी अर्ज भरायला घेतला. मुलीचं नाव रेखा. वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता. मग अर्जात नव्हता तो प्रश्न मी विचारला, आवाज जितका खाली आणता येईल तितका आणून. मी विचारलं, मामाकडचं कुणी येतं का, माहेर कुठलं लिहू?

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तेवढं एकदाच.

"मले माहेर नाई, मॅडम. ते तं बैठकीत ठरलं होतं. तुमाले मालूम हाय."

अंगठ्याचा ठसा लागेल का म्हणून तिनं विचारलं. मी सही चालेल म्हटलं. तिनं अडखळत, एकेक अक्षर दाबून सही केली आणि मुलीला माझ्या वर्गात सोडून गेली. त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही. पालकसभेला दयाराम भाऊजी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि संपली की सगळ्यांच्या आधी निघायचे.

रेखा वर्षभर माझ्या वर्गात होती. बडबडी होती, गणितात कच्ची, वाचायला चांगली. तिच्याशी बोलताना मी फार काळजी घ्यायचे. इतरांपेक्षा जास्त लाड नाही, कमी नाही. ती घरची बोली बोलायची, 'जाऊन राहिली', 'काऊन', आणि मी तिला पुस्तकी मराठी बोलायला लावायचे. तेच माझं काम होतं आणि ते मी चोख करायचे. ती शिकलीही लवकर.

परीक्षेआधी मी वर्गाला 'माझे कुटुंब' हा निबंध घातला. चाळीस वह्या घरी आणल्या. सगळ्यांचं साधारण एकच, माझे वडील शेती करतात, माझी आई प्रेमळ आहे. रेखाची वही मधेच कुठेतरी होती. तिनं लिहिलं होतं की तिचे वडील कपडे शिवतात, आई बटणं आणि काजं करते, घरी एक मांजर आहे. आणि मग: 'माझ्या आईला एक लहान बहिण होती. ती खूप हुशार होती. तिला गोष्टी लिहिता यायच्या. ती सतरा वर्षांची असताना वारली. आई म्हणते ती असती तर तिने माझा अभ्यास घेतला असता.'

मी लाल पेनानं 'बहिण'मधली ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली, खाली दहापैकी सात गुण दिले, सही केली आणि सकाळी वही परत दिली.